चहा नेमका कधी प्यायचा?

रिपोर्टात हिमोग्लोबिनपुढे ९.४ हा आकडा उमटला आणि अख्ख्या सोसायटीला माझ्या रक्ताचा कळवळा आला. बीट खा, म्हणे. बीट लाल, रक्त लाल, संपला हिशोब! वास्तविक बिटात लोह बेताचंच. पण कोशिंबीर रेटून खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये लाल रंग बघून आधी घाबरून देवाचं नाव घेतलं, मग बिटाचं.

शेवटी डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली. थायरॉइडची आधीपासून चालू होतीच, शिवाय वयोमानाप्रमाणे कॅल्शियमची. थायरॉइडची उपाशीपोटी. लोहाचीही शक्यतो उपाशीपोटीच, पण थायरॉइडपासून चार तास लांब. कॅल्शियमला तर या दोघींजवळ फिरकायचीच बंदी. तीन जावांनी एका ओट्यावर नांदावं तशी गत.

"आणि चहा?" मी चाचरत विचारलं.

"गोळीच्या आणि जेवणाच्या मागेपुढे तासभर तरी नको."

इथे माझ्या पोटात खड्डा पडला. गोळी गिळली म्हणजे लोह रक्तात गेलं, असा माझा भाबडा समज. प्रत्यक्षात लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीला, जेमतेम वीतभर भागात. तिथून सुटलं की पुढची काही मीटर आतडी लोहाच्या बाबतीत फारशी कामाची नाहीत. त्यात डाळी-पालेभाज्यांतलं लोह मुळातच हट्टी. 'क' जीवनसत्त्व सोबत असलं तर ते आत शिरतं, आणि चहातल्या टॅनिनची गाठ पडली की त्यालाच चिकटून बाहेरचा रस्ता धरतं. जेवणासोबत चहा घेतला तर शोषण निम्म्याहून खाली येऊ शकतं. म्हणजे पोह्यांवर लिंबू पिळणारी आपली माणसं शहाणी, आणि त्याच पोह्यांसोबत चहाचा कप पुढे करणारीही आपलीच!

नवऱ्याने लगेच एक्सेलमध्ये तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. गोळ्यांना निळा रंग, जेवणाला हिरवा. चहासाठी पिवळ्या दोन बारीक पट्ट्या उरल्या: सकाळी सात ते साडेसात, दुपारी साडेतीन ते पाच. बरं, या पट्ट्या पाहुण्यांना कोण सांगणार? आत्याकडे भर बाराला गेले. गोळी नुकतीच पोटात गेलेली. "चहा नको" म्हटल्यावर आत्याचा चेहरा पडला. "काही चुकलं का गं आमचं?" मी टॅनिन समजावून सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, मग अर्धाच कप टाकते."

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, लोहाची गोळी आता दिवसाआड घ्या. लोह पोटात गेलं की यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते आतड्याचं दार ओढून घेतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमीच आत जातं. दिवसाआड म्हटल्यावर मला आनंद झाला. एक दिवस तरी चहा मोकळा! नवऱ्याने तक्ता सुधारला: विषम तारखेला गोळी, सम तारखेला सुट्टी. ३१ तारखेला रात्री अकराला तो फ्रिजसमोर उभा राहून डोकं खाजवत होता. उद्या १ तारीख. तीही विषम.

"डॉक्टरांना फोन लावू का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "आधी चहा ठेव."