'इंटरव्हल मोजत बसणारे' या प्रतिक्रियेला माझं उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव दिलेलं नाहीये, त्यामुळे नुसताच नमस्कार. जॅझमध्ये कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) भराभर बदलत असताना त्यावर इम्प्रोव्हाइज करायचं, म्हणजे ऐनवेळी सुचेल ते वाजवायचं, तर गिटारवर इंटरव्हलचा, म्हणजे दोन सुरांमधल्या अंतराचा, रियाज कसा करावा, असा माझा लेख होता आणि त्याखाली तुम्ही लिहिलंत. बाकीच्या वाचकांसाठी तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं म्हणायला जागा नको:

"लेखक महाशय, इंटरव्हल मोजत बसणाऱ्याला सोलो सुचत नसतो. वेस माँटगोमेरीला नोटेशन वाचता येत नव्हतं, त्याने कुठले तक्ते घोकले होते? जॅझ कानाने आणि लयीने येतं, तेव्हा आधी रेकॉर्ड ऐकून सोलो उचलायला आणि स्विंग करायला शिकवा. तुमची ती फ्रेटबोर्डची आकृती मोबाईलवर दिसतही नाही. घरी बसून असले लेख पाडण्यापेक्षा एकदा बँडबरोबर उभं राहून वाजवून बघा."

आकृतीचं मान्य. मोबाईलवर ती खरंच बारीक दिसत होती, आता मोठी करून टाकलीये.

बाकीच्याबद्दल मात्र बोलायचंय. मतभेद असायला माझी काही हरकत नाही, रोज कुणी ना कुणी मला खोडून काढतंच आणि त्यातून मी शिकतोही. पण 'लेख पाडणं' ही काय बोलायची रीत झाली? तुम्हाला पद्धत पटली नाही तर का पटली नाही ते लिहा, तुम्ही स्वतः काय करता ते लिहा, चार ओळी जास्त लिहा. इथे वाचणारी निम्मी पोरं नुकती गिटार घेतलेली आहेत. तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री त्यातल्या एकाचा मेसेज आला की सर, मी दोन आठवडे थर्ड (कॉर्डच्या मूळ सुरापासूनचा तिसरा सूर) शोधतोय, मग हे सगळं चुकीचं आहे का, सोडून देऊ का? त्याला उत्तर देताना मला तुमचा खरंच राग आला. तुमचं एक वाक्य टाइप करून झालं, तो मुलगा रात्रभर विचार करत बसला.

तर तुमचं पहिलं वाक्य आणि त्याला जोडून जॅझ गिटारवादक वेस. मला सगळ्यात जास्त खुपलंय ते हेच, कारण वेसचं नाव तुम्ही माझ्या विरोधात वापरलंत आणि तो माणूस तर पूर्णपणे माझ्या बाजूचा साक्षीदार आहे.

वेस माँटगोमेरीला नोटेशन वाचता येत नव्हतं हे खरंय, जगाला माहितीये. पण नोटेशन वाचणं वेगळं आणि इंटरव्हल ओळखणं वेगळं. कागदावरचे ठिपके वाचता न येणाऱ्या माणसाला दोन सुरांमधलं अंतर कळत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? इंडियानापोलिसमधला हा माणूस, विशीच्या आसपास गिटारच्या मागे लागला, गिटारवादक चार्ली ख्रिश्चनचे सोलो रेकॉर्डवरून एकेक करून बसवले आणि सुरुवातीला क्लबमध्ये त्याला काम मिळालं तेही ते सोलो हुबेहूब वाजवायचं. रेकॉर्डवरून सोलो बसवताना माणूस नेमकं काय करतो? पुढचा सूर आधीच्या सुरापासून किती लांब आहे आणि खाली वाजणाऱ्या कॉर्डचा तो कितवा लागतो, हेच शोधतो ना? त्याला त्याचं नाव माहीत असो वा नसो. म्हणजे तुमच्या दुसऱ्या वाक्यातला वेस आणि तिसऱ्या वाक्यातलं 'ऐकून उचला' हे दोन्ही इंटरव्हलवरच उभं आहे.

आणि वेसची ओळख कशानं? ऑक्टेव्हनं. ऑक्टेव्ह म्हणजे काय, एक सूर आणि वरच्या सप्तकातला तोच सूर यांच्यातलं इंटरव्हलच. त्याचे ऑक्टेव्ह कसे वाजतात ते हातात गिटार घेऊन बघा. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवरचा सूर असेल तर त्याचा वरचा जोडीदार चौथ्या तारेवर दोन फ्रेट (गिटारच्या दांडीवरचे पडदे) पुढे. पाचवी आणि तिसरी तार, तेच, दोन फ्रेट. पण चौथ्या तारेवरून दुसरीवर गेलात की तीन फ्रेट पुढे, आणि तिसरीवरून पहिलीवर गेलात तरी तीन. मधली तार पहिल्या बोटाच्या पोटानं दाबून मुकी ठेवायची आणि वर अंगठा मारायचा. वेस हे करत एका सुरातून दुसऱ्या सुरात अख्खी ओळ घेऊन जातो, मधेच तारांची जोडी बदलते, हाताचा आकार दोन फ्रेटवरून तीन फ्रेटवर जातो आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. हे अंतर त्याच्या हातात किती मुरलेलं असेल! तक्ता भिंतीवर नव्हता, हातात होता. मी लेखात दुसरं काय म्हणत होतो?

'मोजत बसणारा' म्हणालात म्हणून सांगतो, पाढे पाठ असलेला माणूस बाजारात बेचोक आठ म्हणताना बोटं मोजत नाही, पण कधीतरी त्यानं ते मोठ्यानं म्हटलेले असतात. मोजायचं ते रियाजात. स्टेजवर मोजा असं माझ्या लेखात एका ठिकाणी तरी दाखवा.

सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची 'चेरोकी' या गाण्याची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, नसेल तर वाचा. १९३९, न्यूयॉर्क, तो आणि बिडी फ्लीट नावाचा गिटारवाला. पार्करच्या कानात काहीतरी वेगळं वाजत होतं पण हातातून निघत नव्हतं, आणि कॉर्डच्या वरच्या इंटरव्हलवरून ओळ बांधली तेव्हा ते निघालं. कानात आहे आणि हातात नाही, ही अडचण पार्करला आली, तर तुम्हा-आम्हाला येणार नाही? 'जॅझ कानाने येतं' हे अर्धंच सांगणं झालं. कानातून हातात कसं येतं तेही सांगायला नको?

आता गिटारवर हे विशेष करून का करावं लागतं ते पुन्हा लिहितो, कारण लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचला असेल असं मला वाटत नाही. पियानोवर सगळं एका रांगेत डोळ्यासमोर असतं. गिटारवर एकच सूर चार-पाच ठिकाणी सापडतो, आणि तारा एकमेकींपासून फोर्थवर लावलेल्या असतात पण तिसरी आणि दुसरी यांच्यात मेजर थर्ड. त्यामुळे शेजारच्या वरच्या तारेवर मेजर थर्ड एरवी एक फ्रेट मागे मिळतो, तिसरीवरून दुसरीवर मात्र बरोबर त्याच फ्रेटवर. फोर्थ एरवी सरळ रेषेत, तिथे एक फ्रेट पुढे. ही एक जागा पोरांना वर्षानुवर्षं अडवते. गिटारवादक स्टॅनली जॉर्डननं तर सगळ्याच तारा फोर्थवर लावून घेतल्या आणि ही भानगडच ठेवली नाही. बाकीच्यांनी काय करायचं? स्केलचे डबे (फ्रेटबोर्डवरचे ठरलेले आकार) पाठ करायचे आणि त्यात बोटं वरखाली फिरवायची, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हेच शिकवतात. रॉकच्या एका कॉर्डवर दोन मिनिटं ते चालूनही जातं. पण दर बारला, म्हणजे दर चार मात्रांना, कॉर्ड बदलत असेल तर डब्यातला कुठला सूर आत्ता घरचा आणि कुठला उपरा हे डबा सांगत नाही.

सी हा एकच सूर घ्या. डी मायनर सेव्हनवर तो सेव्हन्थ आहे, जी सेव्हनवर फोर्थ म्हणजे थांबलात तर खटकणारा, आणि सी मेजरवर साक्षात षड्ज. सूर जागचा हलला नाही, खालचा सा बदलला. आपल्या रागसंगीतात तंबोरा एकदा लावला की सा कायम, म्हणून आपल्या कानाला ही सवयच नसते आणि म्हणूनच मराठी पोरांसाठी मी हे इतकं लावून धरतो.

करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. तिसरी आणि चौथी, दोनच तारा. डी मायनर सेव्हन: चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट म्हणजे एफ, हा थर्ड. तिसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट म्हणजे सी, हा सेव्हन्थ. आता जी सेव्हन आला: एफ तिथेच ठेवा, तो आता सेव्हन्थ झाला, आणि सी एक फ्रेट खाली बी वर आणा, तो थर्ड. मग सी मेजर: बी तिथेच, तो झाला मेजर सेव्हन्थ, आणि एफ एक फ्रेट खाली ई वर, तो थर्ड. दोन बोटं, एकेका फ्रेटची हालचाल, आणि बास नाही, पियानो नाही तरी तिन्ही कॉर्ड ऐकू येतात. पहिल्यांदा हे ऐकल्यावर मी गिटार खाली ठेवून नुसता बसून राहिलो होतो. हे कवायत वाटत असेल तर वाटो.

जेरोम कर्नचं १९३९ चं 'ऑल द थिंग्ज यू आर' बघा. एफ मायनरवर चाल ए फ्लॅटवर उभी, बी फ्लॅट मायनरवर डी फ्लॅटवर, ई फ्लॅट सेव्हनवर जी, ए फ्लॅट मेजरवर सी, डी फ्लॅट मेजरवर एफ. प्रत्येक कॉर्डला चालीतला मुख्य सूर थर्ड आहे! मूळची एका नाटकातली गाण्याची चाल आहे ही, आणि इतकी गोड की जॅझवाल्यांनी ती आजतागायत सोडलेली नाही. थर्डवरून थर्डवर गेल्यानं संगीत कोरडं होतं असं तुम्हाला म्हणायचं असेल तर ते कर्नच्या चालीला लावून बघा आणि मग मला सांगा.

हे मी कुठल्या व्हिडिओतून उचललेलं नाही. मी शिकलो ते माहीमच्या एका गोवेकर सरांकडे. लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत त्यांनी सोल्फेज (सुरांची नावं घेत गाण्याचा पाश्चात्य रियाज) केलेलं, मग मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवलेलं, ती पिढीच तशी होती. डोंबिवलीवरून गर्दीच्या लोकलनं गिटार सांभाळत जायचो, आणि सर पहिला अर्धा तास गिटार उघडूच द्यायचे नाहीत. ते एक कॉर्ड धरायचे आणि विचारायचे, "थर्ड खंय?" मी गाऊन दाखवायचा. मग सेव्हन्थ. मग नाइन्थ. बरोबर आला की कॉर्ड बदलायचे, काही न सांगता, आणि पुन्हा तेच, "आता खंय?" गळ्यातून आल्याशिवाय बोटाला परवानगी नाही. नंतर गिटार काढली की तोच सूर तीन वेगळ्या तारांवर शोधायचा, फ्रेटकडे न बघता. तुम्ही ज्याला तक्ते घोकणं म्हणता ते असं असतं. यात कान कुठे सुटला? उलट कानाला पळवाटच नव्हती. आज सर नाहीत. तुमच्या त्या वाक्यात माझ्याबरोबर तेही आले, म्हणून मी हे इतकं लांबवतोय.

लयीबद्दल म्हणाल तर हो, त्या लेखात मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावा एवढंच लिहिलंय. स्विंग, म्हणजे जॅझच्या लयीचा झोका, हा स्वतंत्र विषय आहे, एका लेखात सगळं कोंबता येत नाही. सोलो उचलण्याबद्दल मी आधी लिहिलेलं आहे, शोधा.

राहता राहिलं 'बँडबरोबर उभं राहून वाजवून बघा'. तुम्ही मला ओळखत नाही, मी कुठे वाजवतो हे विचारलंही नाहीत, थेट निकाल देऊन मोकळे. पुण्यात एका रेस्टॉरंटमध्ये आम्ही तिघं बरेच महिने वाजवायचो, सॅक्सोफोन, बास आणि मी. एका शनिवारी बासवाला आलाच नाही, फोनही लागेना, मालक म्हणाला लोक बसलेत, सुरू करा. ड्रम नाही, बास नाही, सॅक्सवाला सोलो घेताना खाली फक्त मी आणि माझा सोलो आला की खाली कुणीच नाही. अशा वेळी डब्यातले सूर वाजवून चालत नाही, ऐकणाऱ्याला कॉर्ड बदलली हे तुमच्या एका ओळीतूनच कळलं पाहिजे. दर कॉर्डच्या पहिल्या मात्रेवर थर्ड किंवा सेव्हन्थ ठेवला, मधे अर्ध्या सुरानं खालून येत गेलो, आणि सॅक्सवाला डोळे मिटून ऐकत होता, एकदाही फॉर्ममध्ये (गाण्याच्या कॉर्डच्या ठरलेल्या चक्रात) हरवला नाही. त्या रात्री मी काहीही मोजत नव्हतो. मोजून झालेलं होतं, माहीमला.

तेव्हा बँडचं मला सांगू नका. तुम्ही वाजवत असाल तर एक रेकॉर्डिंग पाठवा, खाली बॅकिंग ट्रॅक न लावता, एकट्या गिटारवर एक सोलो, कुठल्याही स्टँडर्डवर, म्हणजे जॅझवाल्यांच्या नेहमीच्या गाण्यावर. कॉर्ड ऐकू आल्या तर मी इथेच सगळ्यांसमोर तसं लिहीन.

ज्या मुलानं मेसेज केला होता त्याला: सोडू नकोस. या आठवड्यात वर सांगितलेल्या तिसऱ्या आणि चौथ्या तारेचंच कर, एफ-सी, एफ-बी, ई-बी, आधी गाऊन मग वाजव. जमलं की त्याच तीन कॉर्ड दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेवर शोध, तिथे ट्यूनिंगचा तो वाकडेपणा लागेल, घाबरू नकोस.

आणि तुम्हाला, पुढची प्रतिक्रिया नाव टाकून लिहा, कितीही कडक असू दे, छापीन आणि उत्तरही देईन. याच सुरात बिननावाची आली तर छापणार नाही.