मुदतवाढीवर चालणारा भत्ता

बेकारी भत्त्यासाठी कायदा हवा, हे लेखातलं म्हणणं पटलं. पण ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा, म्हणजे नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला भत्ता देणाऱ्या योजनेचा, साधा उल्लेखही नाही? २०१८ पासून आहे ती. आधी सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळायचे, कोविडमध्ये ५० टक्के केले. तेही जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच! म्हणजे दुसऱ्यांदा कारखाना बंद पडला तर कामगाराने काय करायचं? शिवाय योजना कायमची नाही, सगळा कारभार मुदतवाढीवर. पगारातून ईएसआयचा पाऊण टक्का मात्र दरमहा न चुकता कापतात. आणि महिना २१ हजार या ईएसआयच्या मर्यादेच्या वर पगार असलेले, कंत्राटावरचे आयटीवाले (पुण्यात ढिगाने आहेत), ते तर हिशेबातच नाहीत. आधी ही ‘एकदाच’ची अट काढा, मग नव्या कायद्याचं बोला.