घड्याळ आहे म्हणून वेळ कळते?

‘चॅटजीपीटी आलं आणि यंत्रं पहिल्यांदाच नियोजन करू लागली. वेळ तर त्यांना सेकंदापर्यंत कळते. आता नुसतं काम सांगा, पुढचं ती बघतील.’ हा मेसेज मला चार ग्रुपवर आलाय. तीन वाक्यं, तिन्हींत घोळ.

‘पहिल्यांदाच’ला निदान पन्नास वर्षं उशीर झालाय. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत शेकी नावाचा यंत्रमानव होता. थरथरत चालायचा म्हणून शेकी. त्याच्यासाठी रिचर्ड फाइक्स आणि निल्स निल्सन यांनी ‘स्ट्रिप्स’ ही पद्धत 1971 मध्ये मांडली. प्रत्येक कृतीच्या तीन नोंदी: आधी काय खरं असायला हवं, नंतर नवं काय खरं होतं, आणि काय खरं राहत नाही. एवढ्यावर ती कृतींची साखळी जुळवायची. खोका ढकलल्याने भिंतीचा रंग बदलत नाही, हे आपण कुणाला सांगत बसत नाही. यंत्राला ते कसं सांगायचं, हा जॉन मॅकार्थी आणि पॅट्रिक हेज यांनी 1969 मध्ये उभा केलेला प्रश्न. स्ट्रिप्सने सरळ ठरवलं, नोंदीत नाही ते होतं तसंच. मला ही युक्ती आजही भारी वाटते.

पण तिच्यात वेळ नव्हताच. एकामागून एक कृती, तीही क्षणात संपणारी. स्वयंपाकघरात हे चालेल? कुकरच्या शिट्ट्या होताहेत तोवर कणीक मळून व्हायला हवी, लाटलेली पोळी लगेच तव्यावर पडायला हवी. अशा दोन कालखंडांमध्ये नेमकी 13 नाती असू शकतात: आधी, लगोलग, दरम्यान, वगैरे. जेम्स ॲलन यांनी 1983 मध्ये त्यांच्यावरून तर्क करण्याचे नियमच बांधले. घड्याळ किती वाजले ते सांगतं. ही नाती नाही सांगत.

राहिलं ‘पुढचं ती बघतील’. नासाच्या डीप स्पेस 1 यानावर मे 1999 मध्ये ‘रिमोट एजंट’ या आज्ञावलीने खरोखरच स्वतः योजना आखून यान चालवलं. उद्दिष्टं माणसांनी दिलेली, योजनाही ठीक. तरी मधेच सगळं ठप्प. आज्ञावलीतल्या दोन धाग्यांपैकी, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांपैकी, प्रत्येक जण दुसऱ्याच्या इशाऱ्याची वाट बघत बसला होता. प्रयोग थांबवून कारण शोधावं लागलं ते पृथ्वीवरच्या माणसांनाच. उरलेल्या चाचण्या नंतर पार पडल्या. ते दोन धागे ज्या क्रमाने चालले, तो क्रम जमिनीवरच्या चाचण्यांत एकदाही आला नव्हता.