खाऊ म्हणजे वेफर्सची पुडी, हे ठरवलं कोणी?

काल पुन्हा तेच. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत एका मुलाचा वाढदिवस होता. माझी सात वर्षांची लेक घरी आली तेव्हा रिटर्न गिफ्टच्या पिशवीत तीन पुड्या होत्या, तिन्ही खारट, तिन्ही तळलेल्या. गेल्या आठवड्यात डान्स क्लासच्या बाईंनी "छान नाचलीस" म्हणून एक दिली. त्याच्या आधी शेजारच्या काकूंनी, लिफ्टमध्ये. मला विचारायचं नाही, थेट पोरीच्या हातात ठेवायची. मी काढून घेतली की ती रडणार आणि सगळ्यांसमोर मी दुष्ट ठरणार. "असू दे गं, एका पुडीने काय होतंय!"

काय होतंय? काल डोकं इतकं सणकलं की एक पुडी उलटी करून वाचायलाच बसले. अक्षरं एवढी बारीक की मोबाइलवर फोटो काढून मोठा करावा लागला. 100 ग्रॅममागे 545 कॅलरी, 34 ग्रॅम फॅट, 780 मिलिग्रॅम सोडियम. पुडी 50 ग्रॅमची, पण 'एका वेळचं प्रमाण' मात्र 20 ग्रॅम धरलेलं. कोणतं मूल 20 ग्रॅम मोजून खातं आणि उरलेली पुडी रबर लावून ठेवतं? दर्शनी बाजूला ठळक काय छापलंय, तर 'कोलेस्टेरॉल नाही'. अहो, वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नावापुरतंसुद्धा नसतं! जे आत असायचा प्रश्नच नव्हता ते मिरवायचं, आणि जे खच्चून भरलंय ते मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात.

आणि 'मीठ' असं सरळ लिहायचं नाही, 'सोडियम' लिहायचं. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. म्हणजे त्या एका पुडीत जवळजवळ 1 ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते, मुलांना त्याहूनही कमी. आमटी, भाजी, पोळीतलं मीठ तर पोटात जातंच, ही पुडी त्याच्यावर. वर पावणेतीनशे कॅलरी, म्हणजे दोन-अडीच पोळ्यांइतक्या. मग रात्री पोरगी ताटाकडे बघत नाही आणि मी तासभर तिच्यामागे घास घेऊन फिरते.

"बटाटाच तर आहे" हे वाक्य तर मला ऐकवतच नाही. उकडलेल्या 100 ग्रॅम बटाट्यात नव्वदच्या आत कॅलरी असतात आणि सोडियम जेमतेम. तोच पातळ कापून तळला की त्यातलं बहुतेक पाणी उडून जातं आणि तेल आत शिरतं. वेफर्सच्या वजनाचा तिसरा हिस्सा नुसतं तेल. शिवाय पिष्टमय पदार्थ 120 अंशांच्या वर तळले-भाजले की अॅक्रिलामाइड नावाचं रसायन तयार होतं, हे 2002 साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. प्राण्यांमध्ये त्याने कॅन्सर होतो. माणसांबाबत अजून पक्का निष्कर्ष नाही, हे मान्य. पण म्हणून ते माझ्या लेकीला रोज भरवू?

घरातही तीच तऱ्हा. सासऱ्यांना बीपी आहे. डॉक्टरांनी सांगितल्यापासून लोणचं बंद, पापड बंद, आमटीत मीठ बेताचं. आणि दुपारी चारला नातीच्या पुडीत आजोबांचा हात! "यात कुठं मीठ आहे, जरासं तर खारट लागतंय." अहो बाबा, ते मीठ वरवर भुरभुरलेलं असतं, जिभेला लगेच लागतं आणि हात थांबत नाही. ते शरीरात पाणी धरून ठेवतं, रक्ताचा दाब वाढतो. त्यांच्याशी भांडून मी खरंच थकले.

शाळेचं तर बोलायलाच नको. शाळेत आणि शाळेच्या आवारापासून 50 मीटरच्या आत जास्त मीठ-साखर-चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे नियम 2020 सालचे आहेत. लेकीच्या शाळेच्या गेटसमोर रस्ता ओलांडला की टपरी, आणि टपरीवर पुड्यांच्या माळा, बरोबर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. ऑफिसात जाऊन तक्रार केली तर उत्तर काय मिळालं? "मॅडम, पालकच घेऊन देतात." देतात, कारण गेटसमोर लटकतंय म्हणून!

राजगिऱ्याचा लाडू द्या, चिक्की द्या, कागदात फुटाणे बांधून द्या, केळं द्या. काहीच जमत नसेल तर पेन्सिल द्या, नाहीतर काही देऊच नका. खरंच चालेल.

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर हेच लिहिलं, की माझ्या मुलीला मला विचारल्याशिवाय कुणी पुडी देऊ नये. दोघींनी अंगठे दाखवले, बाकी सगळे गप्प. आणि संध्याकाळी लिफ्टमध्ये काकूंनी परत एक पुढे केली. मी ती लेकीच्या हातात जाऊच दिली नाही, त्यांच्याच पिशवीत परत ठेवली. त्या चौथ्या मजल्यापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. नसू देत.