पापलेट दाबून, जीप डोळे मिटून

मुंबईच्या माणसाला फसवणं सोपं नसतं. पापलेट घेताना तो कल्ले उघडून लाल आहेत का बघतो, अंगठा दाबून खड्डा भरून येतो का बघतो आणि कोळिणीचे चार शब्द ऐकून घेऊन पन्नास रुपये कमी करतोच. हाच माणूस रविवारी जुनी जीप बघायला डोंबिवलीला किंवा वसईला जातो, तेव्हा अंगठा घरी विसरतो. ऑलिव्ह ग्रीन रंग, मागे लटकलेली स्टेपनी आणि बंपरवरचा विंच (अडकलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र) दिसला, की मालक सांगेल तो आकडा वाजवी वाटायला लागतो. साडेसहा लाख? बरं, पेन द्या.

मी हसत नाहीये. हा रोग मलाही आहे, म्हणूनच त्यावरचा काढा पाठ आहे.

पहिला घोट मालकाच्या भाषेचा. "एक रुपयाचं काम नाही गाडीला" हे वाक्य शब्दशः खरं असतं. एका रुपयाचं नसतंच, तीस-चाळीस हजारांचं असतं. "फक्त शनिवार-रविवारी काढली" हे साध्या गाडीबद्दल ऐकलं तर आनंद मानावा. फोर बाय फोरबद्दल, म्हणजे चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीबद्दल ऐकलं तर विचारावं, काढून नेली कुठे? रोज ऑफिसला गेलेली जीप ही त्या जमातीतली सर्वांत सुखी. शनिवार-रविवारच्या जीपने नदी, चिखल आणि वाळू असा सगळा संसार पाहिलेला असतो. आणि "आत्ताच पूर्ण रंग नवा केलाय" हे ऐकलं की टॉर्च घेऊन गाडीखाली शिरायचं.

पण शिरण्याआधी एक खात्री. नाव महिंद्रा थार असलं म्हणून चारही चाकं ओढतातच असं नाही. २०१० साली आलेल्या पहिल्या थारची डीआय आवृत्ती दोनच चाकांच्या ओढीतही मिळायची, आणि २०२० च्या दुसऱ्या पिढीची फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती जानेवारी २०२३ पासून आहे. चेहरा तोच, ऐट तीच. गिअरच्या दांडीशेजारी दुसरी दांडी आहे का बघा, आणि पुढच्या चाकांच्या मधोमध डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) आहे का तेही बघा. लिलावातून आलेली लष्करी जिप्सी असेल तर आरसीवरचं उत्पादनाचं वर्ष वाचा, नोंदणीचं नव्हे. दोन्हींत बरंच अंतर असू शकतं, आणि मालक तुम्हाला त्यातलं धाकटं सांगतो.

आता गाडीखाली. खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस यांत मुंबईची जीप बाहेरून रंगते आणि आतून विरघळते. शिडीसारख्या चासीवर छोट्या हातोडीने ठोकत जायचं. ठण्ण वाजलं तर लोखंड आहे, भद्द वाजलं तर लोखंडाची आठवण आहे. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे वेल्ड केलेत तिथे, बॉडी जिथे चासीवर बसते तिथे आणि चाकांच्या मागे चिखल साचतो त्या कोपऱ्यांत स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. चासी पोकळ असते. तिच्या खालच्या बाजूला पाणी निघून जायला भोकं असतात. त्यांत तार घालून फिरवा. माती पडली तर ठीक, रेती पडली तर गाडी समुद्राला भेटून आली आहे आणि मीठ अजून आतच मुक्कामाला आहे. वरून चकचकीत काळा अंडरकोट मारलेला असेल तर जास्तच संशय घ्या. गंजावर मारलेल्या कोटाखाली ओल अडकते आणि गंज निवांत वाढतो.

पत्र्यासाठी फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पत्रा नाही, लांबी (पुटी) भरली आहे. (फायबरच्या हार्डटॉपवर चुंबक चिकटत नाही म्हणून मालकाशी भांडू नये.) चासीवर वेल्डिंगचं ठिगळ किंवा चासी नंबराजवळ ग्राइंडरचे ओरखडे दिसले, तर भाव करण्यात वेळ घालवू नका. दिलेला चहा प्या आणि निघा.

इंजिनची डिपस्टिक सगळेच काढून बघतात. खरं गुपित त्याच्या बरंच खाली, दोन डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) यांच्या पोटात असतं. तिथला ऑइल भरायचा बोल्ट पान्याने उघडायचा आणि करंगळी आत घालायची. ऑइल काकवीसारखं, आरपार तपकिरी निघालं तर सुटलात. दुधाच्या चहासारखं निघालं तर आत पाणी आहे. कारण साधं आहे: चालून तापलेला ॲक्सल नदीच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. ब्रीदरची, म्हणजे ॲक्सलच्या श्वासाची नळी तुंबलेली किंवा आखूड असेल तर हवेऐवजी पाणीच ओढलं जातं. मग बेअरिंगला गंज धरतो, आणि साठच्या वेगाला ॲक्सिलरेटर सोडला की गाडी मागून कुईं करत रडते. "पाण्यात कधी घातलीच नाही हो" या वाक्याला करंगळी परस्पर उत्तर देते. त्या ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळा. बारीक काळी पेस्ट चालते, चमकत्या कपच्या लागल्या तर दात झिजायचे नाहीत, तुटायचे सुरू झालेत.

शिवाय मुंबईत गाडीला नदीत जावं लागत नाही, नदीच गाडीकडे येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेवढा पुन्हा न पडताही अंधेरीचा सबवे आणि हिंदमाता आपलं काम चोख करतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. ज्या उंचीपर्यंत पाणी चढलं होतं, त्या उंचीला गाळाची रेघ सापडते. सीटच्या खालचे बोल्ट गंजलेले आणि आत मोगऱ्याचा घमघमाट असेल, तर तो मोगरा तुमच्या स्वागतासाठी नाही.

इंजिनबद्दल थोडक्यात: पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी ती चालू करून खोकला काढून टाकलाय. गार इंजिनचाच धूर खरं बोलतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, आणि गाडी तापल्यावरही जात नाही असा पांढरा म्हणजे बहुधा कूलंट जळतंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करा. धूर झोताने आला तर मेकॅनिकच्या भाषेत "बॅक कंप्रेशन" आहे, म्हणजे इंजिन खोलायची तयारी ठेवा.

चालवताना मालक हौसेने कोरड्या डांबरावर फोर बाय फोर टाकतो आणि यू-टर्न मारून दाखवतो. त्याला थांबवा. बहुतेक जुन्या जीपांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. माती असेल तर चाक घसरून हिशोब मिटवतं, डांबरावर तो हिशोब शाफ्ट आणि गिअरच्या मानगुटीवर बसतो. ही परीक्षा मातीच्या मैदानातच घ्यायची. लो (कमी वेगाची, जास्त ताकदीची रेंज) टाका, पहिला गिअर, क्लच हळू सोडा. ॲक्सिलरेटर न देता गाडी बैलासारखी पुढे सरकली पाहिजे. पुढची चाकं माती उकरतायत का हे बघायला एकाला बाहेर उभं करा. पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे लॉकिंग हब असतील तर ते आधी लॉक करा, नाहीतर तुम्ही अख्खी परीक्षा मागच्या दोन चाकांची घ्याल.

मग रस्त्यावर या आणि साठच्या आसपास एक खड्डा गाठा. तो शोधावा लागत नाही. स्टिअरिंगला हिव भरलं तर मालक म्हणेल, "व्हील बॅलन्सिंग करून घ्या." चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हललं तर किंगपिन, बॉल जॉइंट किंवा बेअरिंग झिजलंय, डावी-उजवीकडे हललं तर टाय रॉडची टोकं. जुनाट गाडीत एकटाच स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगची थरथर शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर) कोरा करकरीत दिसला, तर तो औषध म्हणून नाही, रोग लपवायला बसवलाय.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाच कितीही खोल असो, सहा-सात वर्षांचं रबर दगडावर विश्वासाचं नाही. २९ इंची टायरच्या जागी ३१ इंची बसवला असेल तर मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी जवळजवळ १०७ किलोमीटर चाललेली असते. मीटरला हात न लावता मीटर मागे ठेवण्याची ही सभ्य पद्धत.

कागदांत नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० तर हवेतच. कर्ज असेल तर ते फिटल्याचा ३५, परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली तेव्हापासून तिथल्या जीपा स्वस्तात इकडे येतात. गंज कमी असतो हे खरं, पण इथला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो, तो किमतीत धरा. पंधरा वर्षं भरत आली असतील तर फेरनोंदणी आणि ग्रीन टॅक्सही.

आता आकडा. त्याच सालच्या, काहीही न लटकवलेल्या पाच-सहा गाड्या आधी बघून घ्या. समजा त्यांचा भाव साडेपाच लाख आहे. मालकाचा वरचा लाख म्हणजे विंच, लाइटची माळ, लोखंडी बंपर. त्यातला बुलबार (पुढचा लोखंडी गार्ड) २०१७ च्या अखेरीपासून बेकायदा आहे, आणि मूळ रचना बदलू नये असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय. म्हणजे तो लाख द्यायचा नाहीच, काढायची मजुरी कापायची. मग पाच टायर, स्टिअरिंगचं काम, ॲक्सलचं काम असे लाखभर वजा करा आणि साडेचार म्हणा. मालक दुखावतो. "अहो, हिने मला लडाखला नेलंय!" नेलं असेल. लडाखला गेला तो, किलोमीटर मिळाले तुम्हाला.

होय म्हणण्याआधी टेप घेऊन सोसायटीत जा. स्टॅक पार्किंगच्या (एकावर एक गाड्या ठेवायच्या) खालच्या मजल्याची उंची मोजा, मग दोन इंच उंच केलेल्या सस्पेन्शन आणि कॅरिअरसकट गाडीची. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्यापर्यंत कुठेही न अडणाऱ्या जीपा आपल्याच इमारतीच्या पत्र्याला अडतात, आणि सेक्रेटरींकडे लो गिअर नसतो.

संध्याकाळी मालकाचा फोन येईल: दुसरी पार्टी साडेसहा लाखाला तयार आहे, उद्या टोकन देतेय. देऊ द्या. त्या पार्टीने अजून करंगळी घातलेली नाही.