गावठाणापासून 200 मीटरवाला मेसेज: घर घेण्याआधी हे वाचा

आठवडाभर ऐरोली, घणसोली, दिवा इकडच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: गावठाणापासून 200 मीटरच्या आत बांधकामाला परवानगी लागत नाही, सरकारने एनए (बिगरशेती परवानगी) रद्द केलंय, घरपट्टी आणि लाईट मीटर लागला की घर अधिकृत, मनपाने 60 दिवसांत उत्तर दिलं नाही तर प्लॅन मंजूर, आणि शेवटी सरकार सगळं रेग्युलराईज करतंच, तेव्हा बिनधास्त घ्या. माझी मावशी असंच ऐकून 2019 ला घर घेऊन बसलीय, आणि मी आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन आहे, मंजुरीच्या फायली रोज हाताखालून जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

200 मीटर हे हवेतून आलेलं नाही. जमीन महसूल संहितेत कलम 42 ड आलं, त्यात गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरपर्यंतची जमीन प्रादेशिक आराखड्यात विकासयोग्य झोनमध्ये असेल तर रूपांतरण कर वगैरे भरून अकृषिक मानली जाऊ लागली. पण अकृषिक मानली म्हणजे काय, तर शेतीची जमीन बिगरशेती झाली, बस एवढंच, महसूल खात्याकडचा विषय मिटला. बांधायच्या परवानगीसाठी वेगळाच कायदा आहे, एमआरटीपी 1966, म्हणजे प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. त्याच्या कलम 44 खाली अर्ज करायचा, मग ठाणे मनपा, नवी मुंबई मनपा, सिडको, जे कोणी तिथलं नियोजन प्राधिकरण असेल ते झोन, रस्त्याची रुंदी, एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण), सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) बघून सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायचा दाखला, देतं. एनए माफ झालं म्हणून सीसी माफ होत नाही, मेसेजवाल्याने दोन खात्यांची कामं एकात घातलीत आणि लोक त्यावर आयुष्याची कमाई लावतायत.

त्यात नवी मुंबईत अजून एक गोष्ट आहे जी मेसेजमध्ये येतच नाही. इथल्या गावांभोवतीची बरीचशी जमीन सिडकोसाठी संपादित झालेली आहे. विकणारा पिढ्यानपिढ्या गावात राहतोय, आपण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो, पण जमीन संपादित असेल तर त्याला ती विकायचा हक्कच उरलेला नसतो. ज्यांच्या जमिनी सिडकोसाठी गेल्या त्या प्रकल्पग्रस्तांनी कुटुंब वाढलं म्हणून बांधलेल्या, म्हणजे गरजेपोटीच्या, घरांचा प्रश्न वेगळा आहे, तो त्यांच्या बाजूने सुटायलाच हवा असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्यांच्यासाठीची सवलत दाखवून बिल्डरने पाच मजली इमारतीतले फ्लॅट विकणं ही सरळ फसवणूक आहे.

आता घरपट्टी. महानगरपालिका अधिनियमाचं कलम 267 अ वाचा. अनधिकृत बांधकामाला दरवर्षी घरपट्टीच्या दुप्पट शास्ती (दंड) लावायची तरतूद तिथेच आहे (छोट्या घरांना नंतर सवलत दिली), आणि कर किंवा शास्ती वसूल केली म्हणजे बांधकाम नियमित झालं असं समजू नये हेही तिथेच लिहिलंय. नवी मुंबईतल्या दिघ्यातल्या लोकांकडे पण लाईट बिलं होतीच की, तरी 2015 ला हायकोर्टाने तिथल्या 99 इमारती पाडायचा आदेश दिलाच.

मावशीची फाईल मी स्वतः बघितली. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घरपट्टीच्या पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या, लाईट बिलं, अकरा नावं असलेल्या 7/12 ची झेरॉक्स आणि 100 च्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं ॲग्रीमेंट. रजिस्ट्रेशन नाही, सीसी नाही, ओसी (इमारत वापरायचा दाखला) तर लांबच. तिने विचारलं, "अरे एवढे कागद आहेत की, अजून काय लागतं?" मला पटकन बोलता आलं नाही. नोटरीने सही करणारा ओळखला, मालकी तिच्या नावावर झाली नाही, हे तिला कसं सांगायचं.

60 दिवसांचं अर्धं खरं आहे. एमआरटीपीच्या कलम 45 मध्ये मानीव परवानगी (उत्तर आलं नाही तर मिळाली असं धरायची परवानगी) आहे, पण प्रस्ताव सगळ्या नियमांत आणि आराखड्यात काटेकोर बसत असेल तरच, नाहीतर ते बांधकाम अनधिकृतच धरलं जातं.

आणि रेग्युलराईज होतंच म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की एमआरटीपीच्या 2017 च्या दुरुस्तीने जी सोय आली ती 31 डिसेंबर 2015 पर्यंतच्या बांधकामांसाठी होती, तीही दंड भरून आणि अटी पाळून, सरसकट नाही. डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने मेरठच्या केसमध्ये साफ सांगितलंय की नुसता काळ लोटला म्हणून अनधिकृत बांधकाम नियमित होत नाही, आणि बँकांनी इमारतीचा पूर्णत्वाचा किंवा वापराचा दाखला (ओसी) तपासल्याशिवाय लोन देऊ नये. परवानगीचा कागद ही निव्वळ फॉर्मॅलिटी वाटत असेल तर ठाण्याजवळच्या शिळफाट्याची इमारत आठवा, एप्रिल 2013, विनापरवाना, काम चालू असतानाच कोसळली आणि 74 माणसं गेली, त्यात लहान मुलं होती.

त्यामुळे टोकन द्यायच्या आधी सीसीची कॉपी मागा, आणि कॉपीवर पण थांबू नका, कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी खोट्या परवानग्यांवर महारेरा नंबर (सरकारी गृहप्रकल्प नोंदणी) सुद्धा मिळवला होता, तेव्हा सीसीचा नंबर घेऊन थेट नगररचना विभागात जाऊन पडताळा. सीसी जोत्यापर्यंतचीच (पायाच्या वरच्या पातळीपर्यंतचीच) आहे का तेही बघा, खूप जण तिथेच फसतात, वर चार मजले चढलेले असतात आणि कागद फक्त जोत्याचा. वाचून कळत नसेल तर मला फोटो पाठवा, संध्याकाळी सातनंतर बघून सांगतो.