गुगलबद्दल तुमच्या मुलाला मी काय म्हणाले

नमस्कार काका,

तुमचा रिव्ह्यू वाचला. 'गुगलच्या तयारीचे पैसे घेतले आणि आता मॅडमच म्हणतात गुगलमध्ये राम राहिला नाही. पोराचा हिरमोड केला,' असं लिहून तुम्ही एक स्टार दिलाय. आमचं बोलणं तुमच्यापर्यंत अर्धंच पोचलंय, म्हणून तुमच्या मुलाला विचारून सविस्तर लिहिते.

'राम राहिला नाही' हे शब्द माझे नाहीत. त्या दिवशी मॉक (सरावाचा) इंटरव्ह्यू संपल्यावर त्याने बॅगेतून बाणेरच्या एका टू बीएचकेचं ब्रोशर काढलं. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने २० वर्षांचा हप्ता मांडला होता आणि शेजारी अजून न मिळालेल्या ऑफरचं अख्खं पॅकेज, १२ ने भागून. तिथे मी त्याला थांबवलं. त्या पॅकेजमधला मोठा भाग शेअर्सचा असतो. ते ४ वर्षांत थोडे थोडे हातात येतात आणि नोकरी मधेच सुटली तर उरलेल्यांवर सहसा पाणी सोडावं लागतं. बँक मात्र दर महिन्याला हप्ता कापते.

'मॅडम, गुगलमधून कोण काढतंय?' असं तो म्हणाला. १० वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले असते. पण २० जानेवारी २०२३ ला गुगलचे सीईओ सुंदर पिचाई यांनी सुमारे १२,००० जणांना कमी करत असल्याचं ईमेलने जाहीर केलं. कंपनी काही बुडत नव्हती; २०२२ मध्ये गुगलची मूळ कंपनी अल्फाबेटचा निव्वळ नफा जवळजवळ ६० अब्ज डॉलर होता. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची अमेरिकेतली नोकरी (कंपनी दुसरी, नाव घेत नाही) अशीच एका ईमेलवर गेली. एच-वन-बी या तिथल्या नोकरीच्या व्हिसावर असल्यामुळे नवी नोकरी शोधायला हातात ६० दिवस. रोज रात्री उशिरा फोन करून तो मला रेझ्युमे वाचून दाखवायचा. ते दिवस मी विसरलेले नाही, म्हणूनच बोलले.

पण गुगलमध्ये जाऊ नकोस असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. तुम्ही लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय तिथे पुढे जात नाही. ही शिस्त पंचविशीत अंगवळणी पडली तर जन्मभर पुरते. पगारही उत्तमच. जा, शीक, पहिली दोन वर्षं भाड्याने राहा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाक आणि मग फ्लॅट बघ, एवढंच मी सांगितलं.

चूक माझी एक झाली. हे सगळं मी बाकीच्या मुलांसमोर बोलले. घरच्या हिशोबाची गोष्ट केबिनमध्ये बोलायला हवी होती. त्याची माफी मागितली आहे, तुमचीही मागते.

फीचं म्हणाल तर त्याचे ३ मॉक इंटरव्ह्यू बाकी आहेत. नको असतील तर तेवढे पैसे परत करीन. पण त्याने ते इंटरव्ह्यू द्यावेत असं मला मनापासून वाटतं. इंटरव्ह्यूतल्या कोडिंगच्या प्रश्नांपैकी ग्राफचे प्रश्न त्याच्या हातचा मळ आहेत, डायनॅमिक प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नांत मात्र अजून घाई करतो. शनिवारी सकाळी ११ ची वेळ त्याच्यासाठी राखून ठेवलीय. तुम्हीही या.